यंत्र भंगारात, पुस्तिका कपाटात

संगणकाच्या पहिल्या पिढीतली यंत्रे खोली भरून टाकणारी होती. त्यांना वीज भरपूर लागे, ती वरचेवर बिघडत, आणि नवे तंत्र आले की काही वर्षांतच मोडीत निघत. त्यांच्यामागे दोन प्रकारचा ऐवज उरला. एक म्हणजे यंत्रातून सुटे झालेले लहानसहान भाग. दुसरा म्हणजे ते यंत्र कसे चालवायचे, त्यासाठी प्रोग्रॅम कसा लिहायचा आणि बिघडले तर दोष कुठे शोधायचा हे सांगणाऱ्या पुस्तिका. पहिला ऐवज काचेच्या कपाटात जातो, दुसरा बहुतेक वेळा रद्दीत. यंत्राचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर मात्र दुसऱ्याची किंमत जास्त आहे. महाराष्ट्रात या ऐवजाचा आरंभ मुंबईत बांधलेल्या टिफ्रॅक या संगणकापासून होतो.

भारतात पहिला अंकीय संगणक आला तो १९५५ मध्ये, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. एचईसी-२एम नावाचे ते यंत्र इंग्लंडहून आणलेले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने वेगळा मार्ग धरला. होमी भाभांच्या या संस्थेत गोव्यात जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी होते. युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर १९४८-४९ मध्ये ते इंग्लंड-अमेरिकेत गणकयंत्रांचा अभ्यास करून आले होते. प्रत्यक्ष यंत्र बांधायला घेतले ते १९५४ मध्ये रंगस्वामी नरसिंहन संस्थेत दाखल झाल्यावर. त्यांच्याबरोबरच्या तरुण चमूत पी. व्ही. एस. राव होते, टिफ्रॅकचा वृत्तान्त पुढे त्यांनीच लिहून ठेवला. तत्त्व पडताळण्यासाठी आधी एक प्रायोगिक यंत्र झाले, ते १९५६ मध्ये. पूर्ण आकाराचे यंत्र १९६० मध्ये वापरासाठी खुले झाले. संस्थेच्या कुलाब्यातील नव्या वास्तूचे उद्घाटन जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, त्या वेळी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले.

या चमूपुढे जो मुख्य आधार होता तो कागदाचा. बर्क्स, गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९४६ मध्ये प्रिन्स्टनच्या नियोजित यंत्राचा तार्किक आराखडा अहवालरूपाने मांडला आणि तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. त्यावरून अनेक देशांत एकाच कुळातली यंत्रे उभी राहिली. केंब्रिजमध्ये विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी एडसॅक या यंत्रासाठी प्रोग्रॅम कसे तयार करावेत यावर १९५१ मध्ये पुस्तक काढले. प्रोग्रॅमिंगवरचे ते पहिले पुस्तक मानले जाते. संगणक डोळ्यांनी पाहण्याआधी त्याचे वर्णन वाचणे, हा त्या काळातल्या बहुतेक अभियंत्यांचा क्रम होता. अशा अहवालांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या टिपा, एखाद्या मंडलाशेजारी काढलेली दुसरी आकृती, खोडलेला आणि पुन्हा लिहिलेला आकडा यांतून यंत्र बांधणाऱ्यांचे विचार थेट दिसतात. छापलेली प्रत जगात शेकडो ठिकाणी असेल. समासातली टीप एकाच प्रतीत असते.

टिफ्रॅक सुमारे १८ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि ८ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात बसवलेला होता. आतली मंडले हाताशी यावीत म्हणून दोन्ही बाजूंना दारे होती. त्यात २,७०० निर्वात नलिका, म्हणजे तंत्रज्ञांच्या बोलीत व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोध होते. व्हॉल्व्ह तापतो आणि कधी ना कधी जातो. एका व्हॉल्व्हचे सरासरी आयुष्य दहा हजार तास धरले, तरी २,७०० व्हॉल्व्हच्या यंत्रात दर चार तासांच्या आत एक निकामी होणार, हा साधा हिशेब आहे. म्हणून अशा यंत्रांशेजारी बिघाडांची नोंदवही ठेवलेली असे: वेळ, लक्षण, बदललेला भाग, करणाऱ्याची सही. पुस्तिका सांगते की यंत्र कसे चालायला हवे होते. ते खरोखर कसे चालले हे कळते नोंदवहीतून. पहिल्या पिढीच्या कागदपत्रांत सर्वांत आधी नाहीशी होते ती हीच वही, कारण यंत्र मोडीत काढले की तिचा कुणालाच उपयोग वाटत नाही.

व्हॉल्व्ह ही या काळाची सर्वांत ओळखीची आठवणवस्तू. घराघरांतल्या रेडिओतही तो असे, त्यामुळे तो संगणकातला आहे हे नुसत्या दिसण्यावरून कळत नाही. सोबत चिठ्ठी हवी. याउलट फेराइटच्या स्मृतीचा तुकडा पाहताक्षणी ओळखू येतो. एका चौकटीत आडव्या-उभ्या बारीक तारा विणलेल्या असतात आणि प्रत्येक छेदावर मोहरीएवढी किंवा त्याहून लहान काळी कडी ओवलेली असते. टिफ्रॅकच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे ८१,९२० बिटे. प्रत्येक बिटासाठी एक कडी. आजच्या मोजमापात हे दहा किलोबाइट भरतात. त्यात प्रोग्रॅम, आकडे आणि मधली उत्तरे अशा सगळ्यांची सोय लावावी लागे.

या कड्यांचे काम समजून घेण्यासारखे आहे. फेराइट ही लोहाच्या ऑक्साइडची भाजलेली माती. कडीला एका दिशेने किंवा उलट दिशेने चुंबकत्व देता येते. एक दिशा म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. हवी ती कडी निवडण्यासाठी तिच्यातून जाणाऱ्या आडव्या तारेत अर्धा आणि उभ्या तारेत अर्धा प्रवाह सोडतात. त्या रांगेतल्या इतर कड्यांना अर्धाच प्रवाह मिळतो, त्यामुळे त्या ढळत नाहीत. दोन्ही प्रवाह जिथे एकत्र येतात ती एकच कडी उलटते. वाचतानाही हीच युक्ती वापरली जाते. कडीला शून्याकडे ढकलायचे आणि ती उलटली का हे तिसऱ्या तारेत उमटणाऱ्या स्पंदावरून ओळखायचे. पण वाचल्याने आतली माहिती पुसली जाते, म्हणून लगेच ती पुन्हा लिहावी लागते आणि त्यासाठी चौथी तार लागते. अमेरिकेत जे फॉरेस्टर यांच्या गटाने ही पद्धत १९५३ मध्ये व्हर्लविंड या संगणकात बसवली. सात वर्षांत ती मुंबईतल्या यंत्रात काम करत होती, हे टिफ्रॅकच्या चमूचे कर्तृत्व लहान नाही. वीज गेली तरी कडीचे चुंबकत्व टिकते. जुन्या स्मृतीपट्टीत शेवटच्या दिवशी भरलेले आकडे आजही तसेच असू शकतात. मात्र कोणती तार कोणत्या पत्त्याची हे दाखवणारा नकाशा हरवला असेल, तर त्या आकड्यांचा अर्थ लागणार नाही. वस्तू आणि पुस्तिका एकमेकींवाचून किती अपुऱ्या आहेत हे इथे नेमके दिसते.

टिफ्रॅक तयार झाला तोवर जगात ट्रान्झिस्टरची यंत्रे आली होती. १९६४ मध्ये संस्थेत कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० बसला. ४८ बिटांचे शब्द, ३२ हजार शब्दांची स्मृती आणि फोरट्रान भाषा असा तो पल्लेदार संगणक होता. देशभरच्या विद्यापीठांतले आणि प्रयोगशाळांतले संशोधक आपली गणिते त्यावर करून घेऊ लागले आणि टिफ्रॅकची गरज संपली. त्याबरोबर ऐवजाचे स्वरूपही बदलले. टिफ्रॅकचे ज्ञान ते बांधणाऱ्यांकडेच होते. शंका आली तर शेजारच्या खोलीत जाऊन विचारता येई. सीडीसीबरोबर आल्या त्या कंपनीने छापलेल्या जाडजूड पुस्तिका. यंत्र परदेशी, बांधणारे परदेशात, तेव्हा पुस्तिका हाच अधिकारी जाणकार ठरला.

सीडीसीच्या आणि आयबीएमच्या दिवसांची सर्वांत विपुल आठवणवस्तू म्हणजे पंच कार्ड. लांबी ७ ३/८ इंच, उंची ३ १/४ इंच, ८० स्तंभ, १२ ओळी आणि एक कापलेला कोपरा. गठ्ठ्यात एखादे कार्ड उलटे गेले तर त्या कोपऱ्यामुळे बाहेरूनच कळे. एका कार्डावर फोरट्रानची एक ओळ बसे. पहिले पाच स्तंभ विधानाच्या क्रमांकासाठी, सहावा आधीच्या कार्डावरचे विधान पुढे चालू असल्याची खूण करण्यासाठी, सात ते बहात्तर प्रत्यक्ष विधानासाठी. त्र्याहत्तर ते ऐंशी हे स्तंभ संगणक वाचत नसे. तिथे कार्डाचा अनुक्रमांक टोचून ठेवत. गठ्ठा हातातून निसटून जमिनीवर पसरला तर या क्रमांकांवरून वर्गीकरण यंत्राने तो पुन्हा लावता येई. ज्यांनी क्रमांक टोचलेले नसत ते गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर शाईने तिरकी रेघ ओढत. एखादे कार्ड जागा चुकले की रेघ तुटलेली दिसे. जुन्या गठ्ठ्यांवर ही तिरकी रेघ आढळते. ज्याने ती ओढली त्याच्या कामाची शिस्त तिच्यात आहे. अशा गठ्ठ्याचे रबरबँड काढून कार्डे सुटी वाटून टाकली, की त्यातला प्रोग्रॅम कायमचा जातो.

व्यापारी जगतात आयबीएम १४०१ हे यंत्र पसरले. १९५९ मध्ये जाहीर झालेला हा संगणक भारतात १९६० च्या दशकात आला. मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे तो १९६१ मध्ये होता. आयबीएमच्या प्रत्येक पुस्तिकेला क्रमांक असे: १४०१ च्या संदर्भ पुस्तिकेचा ए२४-१४०३, सिस्टिम/३६० या यंत्रमालिकेच्या मूलतत्त्वांच्या पुस्तिकेचा ए२२-६८२१. शेवटी जोडलेला आकडा आवृत्ती दाखवी. दुरुस्तीची पाने टपालाने येत आणि जुनी पाने काढून ती बाइंडरमध्ये लावावी लागत. त्यामुळे एकाच क्रमांकाच्या दोन पुस्तिका आतून वेगळ्या असू शकतात. कोणती पाने बदलली आणि कोणती नाही, यावरून त्या कार्यालयातले यंत्र कोणत्या अवस्थेत होते याचा अंदाज बांधता येतो. सिस्टिम/३६० साठी खिशात मावणारे घडीचे हिरवे संदर्भ कार्ड निघाले होते. सगळ्या आज्ञा आणि त्यांचे संकेत त्यावर असत, आणि प्रोग्रॅमरच्या टेबलावर ते सतत उघडे असे. घड्यांवर फाटलेले, चिकटपट्टीने सांधलेले असे कार्ड संग्रहात कोऱ्या प्रतीपेक्षा जास्त बोलते.

परकीय चलनाच्या कायद्यामुळे आयबीएमने १९७८ मध्ये भारतातला कारभार गुंडाळला. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. सुटे भाग मिळवणे अवघड, मूळ कंपनीचा सल्ला नाही. अशा वेळी देखभालीच्या पुस्तिका आणि त्यांतल्या मंडलांच्या आकृत्या हेच अभियंत्यांचे मुख्य हत्यार होते.

पवईच्या आयआयटीत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क-२ आला. त्याचा शब्द ३७ बिटांचा. आयबीएमच्या सवयीने पाहणाऱ्याला विचित्र वाटेल असा. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा १२ बिटांचा संगणक तयार झाला आणि त्याचे उत्पादन पुढे हैदराबादच्या ईसीआयएलने केले. देशी यंत्र असल्यामुळे त्याच्या पुस्तिकाही इथेच लिहिल्या गेल्या. इतिहासकाराच्या दृष्टीने त्या परदेशी पुस्तिकांहून मोलाच्या आहेत, कारण भारतीय अभियंत्याने भारतीय वापरकर्त्याला यंत्र समजावून सांगण्याचा तो आरंभीचा प्रयत्न आहे.

शिकणाऱ्यांसाठी मात्र मूळ पुस्तिका दुर्मीळच होत्या. त्यांची जागा घेतली सायक्लोस्टाइल केलेल्या टिपणांनी. मेणकागदावर टंकलिखित करायचे, आकृत्या टोकदार लेखणीने कोरायच्या आणि यंत्राचे हँडल फिरवून प्रती काढायच्या. मग स्वस्त पुस्तके आली. व्ही. राजारामन यांचे प्रोग्रॅमिंगचे पाठ्यपुस्तक १९६९ मध्ये निघाले आणि त्यावर अनेक पिढ्या शिकल्या. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ पुढे घरोघरी पोहोचले. ही पुस्तके लाखांनी छापली गेल्याने त्यांना कुणी दुर्मीळ मानत नाही. पण पहिल्या आवृत्त्या वापरून झिजल्या आणि नवी आवृत्ती आली की विकल्या गेल्या, त्यामुळे त्याच आज कमी सापडतात.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा भाग १९८० आणि १९९० च्या दशकांतला आहे, आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांनी सुरू केलेले जिस्ट तंत्र १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले. डॉसवर चालणाऱ्या संगणकात जिस्टचे कार्ड खोचले की पडद्यावर देवनागरी उमटे. त्यामागची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जात: ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. त्याच सुमारास छपाईच्या धंद्यात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि तत्सम पॅकेजे रुळली. त्यांची रीत वेगळी होती. तिथे अक्षर नव्हे, तर अक्षराचे दिसणारे तुकडे साठवले जात: आधी वेलांटीचे चिन्ह, मग क, ‘ग’ म्हणजे अर्धा ग आणि काना. कोणत्या तुकड्याला कोणता क्रमांक द्यायचा हे प्रत्येक कंपनीने आपल्यापुरते ठरवले होते.

त्यामुळे त्या काळात जुळवलेली मराठी पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका यांच्या फायली आज उघडल्या तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड दिसते. युनिकोडवर आधारित देवनागरी विंडोजमध्ये आल्यानंतर, त्यासाठी र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा टंक सर्वत्र पोहोचला. जुन्या फायली मात्र आपोआप नव्या झाल्या नाहीत. त्या वाचण्याची किल्ली म्हणजे पॅकेजबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतला टंकाचा तक्ता: कोणत्या क्रमांकाला कोणता तुकडा. तो हाती असेल तर फाइल युनिकोडमध्ये उतरवणारा प्रोग्रॅम लिहिता येतो. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जोडणीत खोचायचे हार्डवेअर लॉक आठवण म्हणून खणात सांभाळलेले असते आणि तक्त्याची पुस्तिका फेकलेली असते, असे बऱ्याच छापखान्यांत घडले आहे. मराठी मजकुराच्या दृष्टीने हे नुकसान टिफ्रॅकचे सुटे भाग हरवण्यापेक्षा मोठे आहे.

हा ऐवज टिकवण्याचा प्रश्न कोकणात विशेष बिकट होतो. मुंबईतल्या संस्थांतून, बँकांतून आणि कारखान्यांतून निवृत्त झालेली कित्येक कुटुंबे पनवेल परिसरात स्थायिक आहेत. तिथे पाऊस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि चार महिने हवेतला ओलावा कपाटात शिरतो. सायक्लोस्टाइलचा आम्लयुक्त कागद पिवळा पडून कडांना तुटू लागतो. कसर पानांतली खळ खाते, वाळवी भिंतीला लागून ठेवलेल्या खोक्यात खालून शिरते. रबरबँड वितळून कार्डांना चिकटतात, टाचण्यांचा गंज पानात झिरपतो. चुंबकीय फितीवरचा थर धरून ठेवणारे रसायन दमटपणा शोषते आणि फीत चिकट होते. तशीच फिरवली तर थर निघून येतो. फ्लॉपीला बुरशी धरते. कागदी फीत आणि पंच कार्ड यांचे बरे असते: भोके डोळ्यांना दिसतात, छायाचित्रावरूनही वाचता येतात. साठ वर्षांपूर्वीचे कार्ड वाचणे तीस वर्षांपूर्वीच्या फ्लॉपीपेक्षा सोपे जाते.

उपाय फारसे खर्चिक नाहीत. टाचण्या आणि रबरबँड काढून सुती दोरी बांधावी. खोके जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नये. सिलिका जेलच्या पुड्या घालून दर पावसाळ्याआधी त्या बदलाव्यात. लॅमिनेशन मात्र कधीही करू नये, कारण ते उलटवता येत नाही. बुरशी धरलेली फ्लॉपी किंवा चिकट फीत घरच्या यंत्रात घालून पाहण्याचा मोह आवरावा. पहिला प्रयत्न बहुधा शेवटचा ठरतो. प्रत्येक वस्तूबरोबर ती कोणत्या यंत्रातली, कोणत्या कार्यालयातली, कोणत्या साली मिळाली आणि कुणी वापरली हे पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असावी.

एका माणसाने उचलून ठेवलेल्या कागदांनी काय साधते याचे उत्तम उदाहरण एडसॅकचे आहे. १९४९ मध्ये सुरू झालेले हे केंब्रिजचे यंत्र १९५८ मध्ये मोडण्यात आले. त्याची प्रतिकृती उभारण्याचे काम इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क इथल्या संगणक संग्रहालयात सुरू झाले, तेव्हा मंडलांचे पुरेसे आराखडे नव्हते. बरेचसे छायाचित्रांवरून ताडावे लागत होते. मग २०१४ मध्ये १९ तपशीलवार आकृत्या पुढे आल्या. जॉन लोकर या अभियंत्याने त्या फेकून देण्याच्या ढिगातून उचलल्या होत्या आणि पन्नासहून अधिक वर्षे सांभाळल्या होत्या. प्रतिकृती बांधणाऱ्यांना त्यांवरून आपली अनुमाने तपासून घेता आली.

टाटा संस्थेने आपला अभिलेखागार उभारला आहे आणि तिथे छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि जुन्या सहकाऱ्यांच्या मुलाखती जतन होतात. परदेशी कंपन्यांच्या पुस्तिकांपैकी बऱ्याच स्कॅन होऊन बिटसेव्हर्ससारख्या सार्वजनिक संग्रहांत आल्या आहेत. आयबीएमची एखादी पुस्तिका घरात निघाली तर क्रमांक आणि आवृत्ती जुळवून पाहिली की ती आधीच सुरक्षित आहे का ते कळते. प्रशिक्षण वर्गांची सायक्लोस्टाइल टिपणे, कार्यालयांनी आपल्यापुरते लिहिलेले नियम, बिघाडांच्या नोंदवह्या, देशी यंत्रांच्या पुस्तिका आणि मराठी टंकांचे तक्ते यांना ही सोय नाही. त्यांच्या प्रती मुळातच थोड्या निघाल्या होत्या, म्हणून स्कॅन करण्याच्या क्रमात त्यांना छापील परदेशी पुस्तिकांच्या आधी स्थान द्यावे लागते.